हूकाकांचा सत्कार

"अहो, आपल्या गावात चिनी माणूस आहे की!"

महापौर इंगवलेअण्णांनी टेबलावर थाप मारली ती इतक्या जोरात की माझ्या कपातला चहा बशीत आला. स्वागत समितीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"कोण हो, अण्णा?"

"हू! दातवाला हू! माझ्या वडलांची कवळी त्यानंच केली. त्या कवळीनं म्हाताऱ्यानं मरेस्तोवर ऊस खाल्ला." अण्णा माझ्याकडे वळले. "नलवडे मॅडम, तुमच्याच गल्लीतला ना तो?"

"हो, अण्णा. आम्ही त्यांना हूकाका म्हणतो."

"काका म्हणताय ना? मग झालं की! तुम्ही जायचं आणि त्यांना स्टेजवर आणायचं. बघू देत पाहुण्यांना, चिनी माणसाचं घर आमच्यात सत्तर वर्षं कसं सुखानं नांदतंय ते. ह्यापेक्षा मोठी जाहिरात कुठली?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर सगळ्यांच्या आधी डोलावली. मान डोलावण्यात माझा हात, म्हणजे मान, धरणारं तेव्हा महापालिकेत कुणी नव्हतं.

ही गोष्ट दोन हजार सात सालची. मी जनसंपर्क अधिकारी होते. दारावर पाटी तशी होती, पण नोकरी अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवर. अकरा महिने संपले की मधे काही दिवस घरी बसायचं, मग नव्या ऑर्डरीनं पुन्हा पहिल्या दिवसासारखं हजर व्हायचं. असं चौथ्यांदा चाललं होतं. "चिनी पाहुणे खूश होऊन गेले की मॅडम तुम्ही कायम," असं अण्णांनी चारचौघांत जाहीर केलं होतं, आणि ते शब्दाचे पक्के होते.

पाहुणे म्हणजे चीनच्या हुबेई प्रांतातली एक बडी कंपनी. रस्ते खोदायची यंत्रं बनवायची. तिला भारतात कारखाना काढायचा होता. पाच शहरं बघायची आणि एक निवडायचं, असा बेत. आमचं शहर फाउंड्र्यांचं. लोखंड ओतणारे हात घरोघरी, पण त्या वर्षी निम्म्या भट्ट्या थंड पडलेल्या आणि शिकलेली पोरं पुण्याच्या वाटेला लागलेली. हे लोक आले तर सहा हजार जणांना काम मिळणार होतं. त्यामुळे अण्णांची धडपड नुसती मिरवण्यासाठी नव्हती, हे मला आजही कबूल करायला हवं.

धडपडीत आम्ही काय काय केलं! दुभाजक रंगवले, गटारांवर फळ्या टाकल्या, लेझीम पथकाला नवे फेटे दिले. स्टेशन रोडवर चायनीजच्या सतरा गाड्या लागायच्या. लाल रंग, त्यावर ड्रॅगन, आणि 'चायनीज भेळ स्पेशल'. पाहुण्यांनी हे बघितलं तर आपल्याच नावानं काय खातात हे लोक, असं त्यांना वाटेल, म्हणून त्या गाड्या चार दिवस उचलल्या. चिन्यांच्या स्वागताला गावातलं चायनीज बंद, हा विनोद पुढं वर्षभर चालला. ही सूचना कुणाची होती, हे मी विनोदाला हसताना कधी सांगितलं नाही. माझी होती.

तर हूकाका. तालमीच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना. दारावर एवढी मोठी रंगवलेली कवळी, आणि खाली 'चायनीज दंतवैद्य'. त्यांचे वडील हत्यारांची पेटी घेऊन हुबेईतल्या कुठल्याशा खेड्यातून कलकत्त्याला आणि तिथून फिरत फिरत आमच्या गावात आलेले. हूकाका जन्मले इथंच, बेचाळीस साली. डिग्री नाही, पण वडलांकडून शिकलेला हात असा की मोठमोठे डिग्रीवाले आपल्या आईवडलांची कवळी गुपचूप त्यांच्याकडून करून घ्यायचे. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन टोरांटोला. बोलणं ऐकलं तर डोळे मिटून कुणीही म्हणावं, हा गल्लीतलाच कुणी पाटील.

मी दुपारी गेले. ते मेणाच्या साच्यात दात बसवत होते.

"ये की, शैले. दात दुखतोय का पगार झाला न्हाई?"

"दोन्ही नाही, काका. तुमचा सत्कार आहे."

"माझा? म्या काय केलंय?"

मी सगळं सांगितलं. ते मान खाली घालून दात बसवत ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर हात पुसले.

"म्हंजे मला दाखवायला न्यायचं म्हण. प्रदर्शनातल्या बैलागत."

"काका!"

"चेष्टा करतोय गं. येतो. हुबेईची माणसं म्हणतीस? आईच्या मुलखातली. ती गेल्यापास्नं तिच्या बोलीत कुणाशी बोललो न्हाई बघ. पोरीला येत न्हाई, आणि इथं कोण बोलणार, तुझा इंगवले?" ते हसले, आणि मग म्हणाले, "शैले, एक काम हुईल का? तुझ्या महापौराकडनं?"

"सांगा ना."

त्यांनी कपाटातनं एक फाईल काढली. मी लहानपणापासून त्यांना ओळखत होते, पण आईवडील चिनी म्हणून ते आपल्याच जन्मगावात कागदावर परदेशी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. दर वर्षी पोलीस कचेरीत जायचं, राहण्याच्या परवान्यावर शिक्का मारून घ्यायचा. गाव सोडून चार दिवस कुठं जायचं तर आधी कळवायचं. नागरिकत्वाचा अर्ज करून अकरा वर्षं झाली होती. अर्ज फिरत फिरत एका ठिकाणी येऊन अडकला होता. गावातल्या मोठ्या पदावरच्या माणसानं, हा मनुष्य आम्हाला माहीत आहे, चांगला आहे, असं लिहून द्यायला हवं होतं.

"ह्या गावाच्या तीन महापौरांचे दात केले म्या," हूकाका म्हणाले. "एकालाबी मत द्याय मिळालं न्हाई. आता पासष्ट झाली. मरताना तरी हितला म्हणून मरतो."

"एवढंच ना? पत्र मी टाईप करते, सही अण्णांची. कार्यक्रम झाला की तुमच्या हातात."

"नक्की?"

"नक्की काका. मी आहे ना."

खरंच नक्की होतं. मी अण्णांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. पत्र मी स्वतः टाईप केलं आणि फार सुंदर केलं. 'या शहराच्या मातीत जन्मलेले आणि मुरलेले' असा शब्दप्रयोग मला त्यात सुचला होता. कार्यक्रमाच्या दिवशी माझ्या फाईलमध्ये सर्वांत वर ते पत्र होतं.

आदल्या दिवशी मी त्यांना भाषणाचा मसुदा वाचून दाखवायला गेले. दोनच वाक्यं त्यांनी चिनीत बोलायची होती, स्वागत आणि आभार. बाकीचा परिचय मी मराठीत करणार होते. त्यात एक ओळ होती, 'या शहराने चिनी बांधवांना पहिल्या दिवसापासून पोटाशी धरले.'

हूकाका खुदकन हसले. "पहिल्या दिसापास्नं? आणि बासष्टचं काय?"

बासष्ट साली युद्धाच्या वेळी त्यांच्या दवाखान्यावर दगड पडले होते, एवढं गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्याच्यापुढं कुणी बोलत नसे.

"ते नको, काका," मी म्हणाले. "कृपा करा. ते अजिबात नको."

"अगं पण ते सांगितल्याबिगर पुढचं कसं सांगायचं?"

"पुढचंच सांगा. मागचं कशाला? लोकांची सहा हजार कामं आहेत ह्यात."

त्यात माझी सहा हजार एकावी नोकरीही होती, ते मी बोलले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "बरं," म्हणाले. मी समाधानानं घरी आले.

कार्यक्रम सकाळी अकराला, महापालिकेच्या नाट्यगृहात. पाहुणे सात. त्यांच्या प्रमुख शेन मॅडम, पन्नाशीच्या, केस आखूड, चेहऱ्यावर हसू नाही. जिथं जातील तिथं छोट्या वहीत काहीतरी टिपून घ्यायच्या. पुण्याहून केतकी नावाची दुभाषी आणली होती. सूत्रसंचालन माझ्याकडे. आमच्याकडे सत्कार समारंभ कसा असतो ते सांगायला नको. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, फेटा, पुन्हा शाल. स्टेजवर कितीही मोठी माणसं बसलेली असोत, राज्य असतं ते माईक हातात असलेल्या सूत्रसंचालकाचं. मंत्र्यालासुद्धा दोन शब्दांवर आणून बसवायची ताकद त्याच्या एका शब्दात असते. तो शब्द म्हणजे 'वेळेअभावी'.

हूकाका सुटाबुटात आले होते. सूट लग्नातला असावा, कारण बटणं लागत नव्हती. अण्णांनी त्यांना शाल पांघरवली. मी परिचय वाचला, पोटाशी धरल्याची ओळ जरा जोर देऊन वाचली. मग हूकाका माईकपाशी आले आणि ठरल्याप्रमाणे दोन वाक्यं बोलले.

शेन मॅडमची वही मिटली. त्या खुर्चीवरून उठल्या, माईकपाशी आल्या आणि त्यांनी हूकाकांना काहीतरी विचारलं. हूकाकांनी उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि ह्या वेळी त्यांचा आवाज वेगळाच आला, घरच्या माणसाशी बोलावं तसा. हूकाकांचा चेहरा उजळला. पासष्ट वर्षांचा माणूस आईला भेटल्यासारखा दिसायला लागला.

"काय म्हणतायत?" मी केतकीच्या कानात विचारलं.

"पहिल्यांदा विचारलं, कुठल्या गावचे. आता कळत नाहीये, मॅडम. ही कुठलीतरी खेड्यातली जुनी बोली आहे. आम्ही शिकतो ती चिनी वेगळी."

शेन मॅडमनी सभागृहाकडे हात करून काही विचारलं. काय विचारलं असेल, ते भाषा न येताही कळत होतं. इथं माणसं कशी आहेत? आम्ही यावं का? अण्णा पुढे सरकून बसले. पहिल्या रांगेतले सगळे नगरसेवक पुढे सरकले.

हूकाका बोलायला लागले.

एक मिनिट झालं, दोन झाली. मसुद्यातलं काही नव्हतं हे. आवाज खाली गेला होता. शेन मॅडम मान तिरकी करून ऐकत होत्या, मघाचा मोकळेपणा पार मावळला होता. आणि मग हूकाकांनी हात मागं नेला, दगड भिरकावल्यासारखा पुढं फेकला, आणि तोंडानं काच फुटल्याचा आवाज काढला. खळ्ळ!

बासष्ट! नको नको म्हणून सांगितलेलं नेमकं तेच. त्यांनी बोटं कपाळावर ठेवून खाली ओघळ आल्यासारखी ओढली. शेन मॅडमनी तोंडावर हात धरला. अण्णा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात माझी अकरा महिन्यांची ऑर्डर मला स्पष्ट दिसत होती. तेवढ्यात हूकाका वळले आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. बोट माझ्याकडे ठेवूनच त्यांनी स्वतःचं तोंड मोठ्ठं उघडलं आणि दुसऱ्या हाताचं बोट समोरच्या दातांवर ठेवलं.

मी एवढंच पाहिलं की ते माझ्याकडे बोट दाखवतायत. ह्यांनी दगड मारले, ही त्यांचीच, असं सांगतायत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. मी दुसरा माईक उचलला.

"धन्यवाद, हूकाका! हूकाकांच्या आठवणी संपणाऱ्या नाहीत, परंतु वेळेअभावी आपण त्यांना इथंच थांबवू या. जोरदार टाळ्या होऊ द्या!"

लेझीम पथकाला मी हात केला. टाळ्या पडल्या, हलगी सुरू झाली. हूकाका माईकपाशी तसेच उभे होते, बोट दातांवर, तोंड उघडं. काहीतरी अजून बोलायचा त्यांनी प्रयत्न केला, शेन मॅडमच्या जवळ जाऊन. मी पुढं झाले, त्यांचं कोपर धरलं आणि हसत हसत त्यांना विंगेत नेलं. हसत हसत, हे मुद्दाम लिहिते. फोटो आहे माझ्याकडे.

"शैले, अगं संपलं न्हवतं," ते म्हणाले.

"ड्रायव्हर घरी सोडेल तुम्हाला," मी म्हणाले. "नको म्हटलं होतं ना मी? नको म्हटलं होतं ना तुम्हाला?"

त्यांनी शाल नीट केली आणि गेले.

जेवणाच्या वेळी केतकी मला शोधत आली. मागं शेन मॅडम उभ्या होत्या.

"मॅडम विचारतायत, ते आजोबा कुठं आहेत? त्यांची गोष्ट अर्धी राहिली. पुढं काय झालं ते त्यांना ऐकायचंय."

केतकीला मी त्या क्षणी एवढं म्हणू शकले असते, की मॅडमना विचार, त्यांनी काय सांगितलं. किंवा गाडी परत पाठवू शकले असते. दहा मिनिटांचं अंतर. पण मला वाटत होतं की मला सगळं कळलंय.

"त्यांना सांग, आजोबांचं वय झालंय. लवकर थकतात. आणि आठवणींची सरमिसळ होते त्यांच्याकडून."

केतकीनं सांगितलं. शेन मॅडमनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं, वही उघडून काही लिहिलं आणि त्या निघून गेल्या.

पाहुण्यांची पाठ वळल्यावर अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिथं एक साध्या वेशातले साहेब बसले होते. परदेशी पाहुणे आले की असे एक साहेब येतातच.

"काय बोलला तो?" अण्णांनी विचारलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते थकल्यासारखे दिसत होते. "मॅडम, तुम्ही आणलंत त्याला."

"मी त्यांना बजावलं होतं, अण्णा."

"बजावलं होतं ना? मग तसं लिहून द्या," साध्या वेशातले साहेब म्हणाले. "आम्हालाही वरती काहीतरी द्यावं लागतं. परदेशी नागरिक, परदेशी पाहुण्यांशी बोलला. काय बोलला, तुमचं मत काय, दोन ओळी."

"मला चिनी येत नाही."

"दिसलं तर असेल?"

मी लिहिलं. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती, कुणी शब्द सांगितले नाहीत. शब्द माझेच. 'सदर इसमाने मंजूर मसुदा बाजूला ठेवून परकीय पाहुण्यांशी परकीय भाषेत सुमारे चार मिनिटे संभाषण केले. त्यांना तशी स्पष्ट मनाई करण्यात आली होती. हावभावांवरून संभाषणाचा रोख शहराची बदनामी करणारा असल्याचे दिसून आले.' खाली सही केली. फाईलमध्ये सर्वांत वर हूकाकांसाठी टाईप केलेलं ते पत्र होतं, त्याच्यावर मी हा कागद ठेवून लिहिला. अण्णांनी त्या पत्राचं विचारलं नाही. मीही आठवण दिली नाही.

तीन आठवड्यांनी कंपनीनं दुसऱ्या राज्यातलं शहर निवडल्याची बातमी आली. तिथं बंदर जवळ होतं, जमीन सपाट होती, कारणं शंभर असतील. पण गावात एकच कारण चाललं, हूनं घात केला. आपल्या अन्नावर वाढला आणि उलटला. पानाच्या ठेल्यावर, रिक्षात, आमच्या कॅन्टीनमध्ये. मी कुठंही ते खोडून काढलं नाही. पुढच्या मार्चमध्ये मला कायमची ऑर्डर मिळाली, कारण अण्णा शब्दाचे पक्के होते आणि माझा अहवाल वेळेत आणि व्यवस्थित होता. त्याच वर्षी दिवाळीनंतर हूकाका दवाखान्याला कुलूप लावून टोरांटोला मुलीकडे गेले आणि तिथंच वारले. मी सहा वर्षांपूर्वी उपायुक्त म्हणून निवृत्त झाले. निरोप समारंभात माझ्या सूत्रसंचालनाचं फार कौतुक झालं.

पण हूकाका टोरांटोला जाण्याआधी मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. तेवढं सांगितलं नाही तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही.

बातमी येऊन आठ दिवस झाले होते. दवाखान्यात कुणी नव्हतं. गिऱ्हाईक कमी झालं होतं, आणि दारावरच्या रंगवलेल्या कवळीवर कुणीतरी डांबर फासलं होतं. मी रागावूनच गेले होते, आज सांगायला लाज वाटते. मला वाटत होतं, त्यांनी मला तोंडघशी पाडलं, त्यांनी माफी मागावी.

"ये, शैले," ते म्हणाले. "च्या टाकतो."

चहा झाला, समोर आला. मी विचारलं, "काका, असं का केलंत? मी एवढं सांगितलं होतं. दगडांचंच सांगायचं होतं?"

"दगडांचं सांगितलं की. त्याबिगर पुढचं कसं कळणार तिला?" त्यांनी स्वतःचा कप घेतला आणि समोरच्या दात काढायच्या खुर्चीकडे बघितलं. "तिनं विचारलं, हितली माणसं कशी हाईत? खरं सांगा, मी तुमच्या आईच्या गावची, म्हणाली. मग खोटं कसं बोलू? म्हणलं, बासष्टला संध्याकाळी मोर्चा आला, दगड पडलं, काच फुटली, माझ्या बाबाच्या कपाळाला खोक पडली. दुसऱ्या दिशी सकाळी आम्ही सामान बांधत होतो. तवा एक माणूस आला. तालमीतनं थेट, अंगाची माती तशीच. दार सताड उघडं ठिवलं आणि ह्या खुर्चीत बसला. भाऊवस्ताद."

"आमचा आज्जा?"

"तुझा आज्जा. म्हणाले, हू, दात काढ. बाबानं बघितलं तर एकबी किडका न्हाई, सुपारी फोडतील असं दात. बाबा म्हणाला, वस्ताद, काढू काय ह्यातलं? तर म्हणाले, नुसताच बसलो तर लोक म्हणतील, वस्ताद पहारा देतोय. मग इरेला पडतील. दात काढून घेतला तर म्हणतील, वस्तादाला बी ह्याची गरज पडती. गरज असली की कोण दगड मारत न्हाई. काढ तू."

मी त्या खुर्चीकडे बघितलं.

"तीन दिस आलं. रोज एक काढला बाबानं. समोरचे तीन. रडत काढायचा, आणि वस्ताद रस्त्याकडं तोंड करून बसायचे, सगळ्यांना रगत दिसंल असं. चौथ्या दिशी मोर्चातलाच एक जण गालाला फडकं बांधून आला. दाढ दुखत होती त्याची. बाबानं सामान सोडलं."

आमच्या घरात सांगत, आज्ज्याचे समोरचे दात कुस्तीत गेले. कुणाशी झाली कुस्ती, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं.

"तिला म्हणणार होतो," हूकाका म्हणाले, "दगड मारणारी माणसं कुठंबी असत्यात, तुमच्या मुलखात बी असतील. पण आपलं धडधाकट दात काढून देणारा माणूस म्या ह्या गावात बघितलाय, बिनघोर या. आणि ही त्याची नात, म्हणून तुझ्याकडं हात केला. मग तू टाळ्या वाजवायला सांगितलंस." त्यांनी कप खाली ठेवला. "वेळ झाली असंल. तुझं बी काम असतंय. त्याचं काय न्हाई."

त्यांच्या आवाजात मला टोचणारं काही नव्हतं. मी फार शोधलं. म्हणजे शेन मॅडम ह्या गावातून दगड घेऊन गेल्या आणि माझा आज्जा इथंच राहिला, कारण मी टाळ्या वाजवायला सांगितल्या. मला तिथंच जमिनीवर बसून त्यांचे पाय धरावेत असं वाटलं. मी धरले नाहीत. मी चहा पीत राहिले.

"शैले, एक विचारू?" ते म्हणाले. "परवा कचेरीत बोलावलं होतं मला. यंदाचा शिक्का न्हाई मारला. अर्ज बी बंद केलाय म्हणं, अकरा वर्सांचा. म्हणाले, महापालिकेतनं तुमच्याविषयी कायतरी लिहून आलंय. कुणी लिहिलं ते काय सांगत न्हाईत."

माझ्या हातातला कप मी दोन्ही हातांनी धरला.

"तू तिथंच असतीस," ते म्हणाले. "भाऊवस्तादांची नात तू, तुझ्यापास्नं कोण लपवणार? जरा बघ की कुणी लिहिलंय. मला भांडायचं न्हाई त्याच्याशी. एवढंच सांगायचंय त्याला, की बाबा, म्या वाईट बोललो न्हाई."

"बघते, काका," मी म्हणाले.

"बघ," ते म्हणाले. "तू हाईस म्हणून बरं हाय."